एचटीटीपीएसचा लोड कार्डावर टाकायचाय? आधी मोजा, मग क्विकअसिस्ट आणि एनजिनएक्स असं जोडा

सर्व्हरचा सीपीयू ९० टक्क्यांच्या वर गेला, पर्फ टॉप (कुठलं फंक्शन किती सीपीयू खातंय ते दाखवणारी कमांड) लावलं तर वरच्या चार-पाच ओळी सगळ्या लिबक्रिप्टोच्या, म्हणजे ओपनएसएसएलच्या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या, आणि मग मीटिंगमधे कुणीतरी म्हणतं की एसएसएल अ‍ॅक्सिलरेटर बसवूया, म्हणजे एन्क्रिप्शनचं गणित सीपीयूऐवजी करणारं वेगळं कार्ड. इथपर्यंत बरेच जण येतात. पुढे कार्ड येतं, ड्रायव्हर लोड होतो, डीमेसेजमधे (कर्नलच्या लॉगमधे) एरर नाही, सगळं छान, आणि सर्व्हर जिथे होता तिथेच, कधीकधी आधीपेक्षा हळू. याची कारणं दोनच असतात बहुतेक वेळा. एक तर जे काम कार्ड चांगलं करतं ते काम त्या सर्व्हरवर महाग नव्हतंच, किंवा वेब सर्व्हर कार्डाला काम देऊन तिथेच हात बांधून उभा राहतोय.

खाली सगळं लिनक्स, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि इंटेलचं क्विकअसिस्ट म्हणजे क्यूएटी (असं गणित करणारं हार्डवेअर) धरून लिहिलंय, कारण आज सहज हाताला लागणारं हार्डवेअर तेच आहे. शेवटी नेटवर्क कार्डावरच्या टीएलएसबद्दलही (टीएलएस म्हणजे एचटीटीपीएसच्या मागचा एन्क्रिप्शनचा प्रोटोकॉल, एसएसएलचं नवं रूप) आहे, तो वेगळा प्रकार आहे आणि लोक दोन्हीची गल्लत करतात. कमांड आणि सेटिंगची नावं देवनागरीत लिहिलीत, टर्मिनलवर ती रोमनमधेच टाइप करायची हे सांगायला नको.

नेमकं काय जड जातंय

एचटीटीपीएस म्हणजे सर्व्हरला तीन वेगवेगळी कामं. पहिलं हँडशेक, म्हणजे कनेक्शन सुरू होतानाची ओळख, ज्यात सर्व्हर आपल्या प्रायव्हेट की ने (गुप्त चावीने) सही करतो आणि क्लायंटबरोबर की एक्स्चेंज करतो, म्हणजे दोघांची सामाईक चावी ठरवतो. दुसरं प्रत्यक्ष डेटा एन्क्रिप्ट करणं, बहुतेक करून एईएस-जीसीएम या सायफरने. आणि तिसरं, ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही, ते म्हणजे डेटा मेमरीतून उचलून एन्क्रिप्ट करून परत मेमरीत ठेवून मग नेटवर्क कार्डाकडे देणं, ही सगळी हमाली.

दुसरं काम आता जवळपास फुकटात होतं. इंटेलने २०१० मधे वेस्टमिअर प्रोसेसरांत एईएस-एनआय आणलं, तेव्हापासून एईएससाठी सीपीयूमधेच इन्स्ट्रक्शन आहेत, आणि आजचा एक साधा सर्व्हर कोअर एईएस-जीसीएम सेकंदाला काही गिगाबाइट सहज करतो. १० गिगाबिटची लिंक म्हणजे सेकंदाला सव्वा गिगाबाइट. म्हणजे ती पूर्ण भरली तरी नुसत्या एन्क्रिप्शनला एक कोअर पुरतो. त्यासाठी कार्ड विकत घेणं म्हणजे पैसे टाकून देणं.

पहिलं काम मात्र अजून महाग आहे, पण तेही कुठलं सर्टिफिकेट आहे त्यावर. आरएसए २०४८ ची (सहीची जुनी पद्धत) सही एक कोअर ढोबळमानाने सेकंदाला दीड-दोन हजार करतो, नव्या चिपवर थोड्या जास्त. तोच कोअर ईसीडीएसए पी-२५६ च्या (सहीची नवी, हलकी पद्धत) सह्या सेकंदाला काही दहा हजारांत करतो. हा फरक वीसेक पट आहे आणि तो मिळवायला रुपयाही लागत नाही, सर्टिफिकेट बदलावं लागतं फक्त.

जीमेलने जानेवारी २०१० मधे सगळ्यांसाठी एचटीटीपीएस चालू केलं, त्याबद्दल गूगलच्या अ‍ॅडम लँगलींनी नंतर लिहिलं होतं की फ्रंटएंड मशीनवर एसएसएलचा सीपीयू लोड १ टक्क्यापेक्षा कमी आहे, आणि त्यासाठी नवीन मशीन किंवा स्पेशल हार्डवेअर काहीच लावलं नाही. लोक हे वाक्य पुढे करून "अ‍ॅक्सिलरेटरची गरजच नाही" म्हणतात. तेही अर्धवटच. जीमेलचा ब्राउझर एकदा कनेक्शन उघडतो आणि तेच वापरत राहतो. तुमच्याकडे जर हजारो पीओएस (दुकानातली कार्ड घासायची) मशीन किंवा मीटर किंवा जुन्या एसडीकेची अ‍ॅप असतील, प्रत्येक रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडणारी, आणि त्यातली निम्मी फक्त आरएसए समजणारी, तर गणित पूर्ण वेगळं होतं. शिवाय लिंक पडून परत आली की सगळे क्लायंट एकदम दारात येतात, त्या पाच मिनिटांत जो हँडशेकचा लोंढा येतो त्याला सरासरी आकडे काही कामाचे नाहीत.

पायरी १: मोजा

आधी स्पीड टेस्ट, त्याच मशीनवर, तीच ओपनएसएसएल जी एनजिनएक्स वापरतो (एनजिनएक्स -व्ही कॅपिटल मारलं की कुठल्या ओपनएसएसएलबरोबर बिल्ड झालाय ते दिसतं, आणि एलडीडी मारून बघा कुठली लायब्ररी लागतेय, मशीनवर दोन असल्या की इथेच घोळ होतो):

ओपनएसएसएल स्पीड आरएसए२०४८ ईसीडीएसएपी२५६ ईसीडीएचएक्स२५५१९

आणि एन्क्रिप्शनसाठी

ओपनएसएसएल स्पीड -ईव्हीपी एईएस-१२८-जीसीएम

हे एका कोअरचे आकडे. सगळ्या कोअरवर किती ते बघायला -मल्टी आणि कोअरची संख्या द्या. हायपरथ्रेडिंग चालू असेल तर दुप्पट थ्रेडला दुप्पट आकडा येणार नाही, त्यामुळे एका कोअरचा आकडा गुणिले थ्रेड असं करून स्वतःला फसवू नका.

मग खऱ्या ट्रॅफिकमधे, गर्दीच्या वेळी, एका वर्करवर पर्फ टॉप -पी लावून अर्धा मिनिट बघा. फंक्शनच्या नावांवरून लगेच कळतं. बीएन_मुल_माँट किंवा नावात आरएसएझेड असलेली फंक्शन वर असतील तर आरएसएच्या सह्या खातायत. ईसीपी_एनआयएसटीझेड२५६ असेल तर पी-२५६. एईएसएनआय आणि जीहॅश असेल तर बल्क एन्क्रिप्शन. आणि मेमकॉपी किंवा कर्नलमधलं कॉपी करणारं फंक्शन वर असेल तर हमाली. नावं दिसत नसतील, नुसते पत्ते दिसत असतील, तर लिबक्रिप्टोचं डीबग-सिम्बॉल पॅकेज टाका.

याच्याबरोबर एक आकडा अजून हवा: सेकंदाला नवीन हँडशेक किती आणि त्यातले रिझ्यूम झालेले, म्हणजे जुनंच सेशन पुढे चालवणारे, किती. एनजिनएक्सच्या लॉग फॉरमॅटमधे एसएसएल_सेशन_रीयूज्ड, एसएसएल_प्रोटोकॉल आणि एसएसएल_सायफर हे तीन व्हेरिएबल टाका, कनेक्शन_रिक्वेस्ट्स पण टाका, एक दिवस चालू द्या. रीयूज्डमधे आर म्हणजे जुनं सेशन परत वापरलं, टिंब म्हणजे नवं. कनेक्शन_रिक्वेस्ट्स जवळपास सगळीकडे १ दिसत असेल तर कीपअलाइव्ह (एकच कनेक्शन अनेक रिक्वेस्टना वापरणं) चालतच नाहीये असं समजा.

पायरी २: फुकटातलं आधी

ही पायरी गाळून थेट खरेदीला जाऊ नका, कारण निम्म्या लोकांचा प्रश्न इथेच मिटतो असं माझं मत आहे.

ईसीडीएसए सर्टिफिकेट घ्या. सर्टबॉट (लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेट आणणारं टूल) २.० पासून नवीन सर्टिफिकेटची की डिफॉल्टलाच ईसीडीएसए असते, पण जुनं आरएसएचं सर्टिफिकेट रिन्यू होताना आरएसएच राहतं, त्यामुळे "आम्ही तर लेट्स एन्क्रिप्ट वापरतो" एवढ्यावर विसंबू नका, बघून घ्या. जुने क्लायंट सोडता येत नसतील तर एनजिनएक्स १.११.० पासून दोन्ही सर्टिफिकेट एकाच सर्व्हर ब्लॉकमधे ठेवता येतात, एसएसएल_सर्टिफिकेट आणि कीच्या ओळी दोनदा लिहायच्या. ज्याला ईसीडीएसए कळतं त्याला ते, बाकीच्यांना आरएसए.

सेशन कॅशे चालू करा, एसएसएल_सेशन_कॅशे शेअर्ड:एसएसएल:१०एम. एका मेगाबाइटमधे साधारण ४००० सेशन बसतात म्हणून १० मेगाबाइट पुष्कळ होतात. टाइमआउट डिफॉल्ट ५ मिनिटांचा आहे, तो वाढवा. लोडबॅलन्सरच्या मागे चार सर्व्हर असतील तर एकाने दिलेलं तिकीट (सेशन रिझ्यूम करायला क्लायंटकडे ठेवलेली चिठ्ठी) दुसऱ्याला उघडता आलं पाहिजे, त्यासाठी एसएसएल_सेशन_तिकीट_की ची फाइल चौघांकडे सारखी ठेवायची आणि ठरावीक काळाने बदलायची. बदलायचं विसरलं तर ती एकच फाइल हाती लागलेला माणूस टीएलएस १.२ चं तिकीटवालं सगळं जुनं ट्रॅफिक उघडू शकतो, म्हणून क्रॉनमधे टाका, माणसावर सोडू नका. टीएलएस १.३ मधे रिझ्यूम केलं तरी की एक्स्चेंज सहसा परत होतंच, वाचते ती सही. आरएसएवाल्यांसाठी तीच मोठी बचत आहे.

आणि कीपअलाइव्ह. डिफॉल्ट ७५ सेकंद आहे, कुणीतरी कधीतरी "ऑप्टिमायझेशन" म्हणून ५ केलेलं असतं.

एवढं करून परत मोजा. अजूनही आरएसए किंवा हँडशेकच वर असेल तर पुढे चला.

पायरी ३: कुठलं हार्डवेअर

२००० च्या आसपास यासाठी पीसीआय कार्डं मिळायची, रेनबोचं क्रिप्टोस्विफ्ट, एनसायफरचं एनफास्ट, सनचं क्रिप्टो अ‍ॅक्सिलरेटर १०००. सनने २००५ मधल्या अल्ट्रास्पार्क टी१ मधे तर प्रत्येक कोअरमधेच आरएसएच्या गणितासाठी वेगळं युनिट टाकलं होतं. अपाचेमधली एसएसएलक्रिप्टोडिव्हाइस ही डायरेक्टिव्ह त्याच जमान्यातली. आज पर्याय असे.

क्यूएटी मुख्यतः तीन रूपात मिळतं: पीसीआय-ई कार्ड, सी६२x चिपसेट (२०१७ च्या झीऑन स्केलेबल बोर्डांवरचा, त्यातही ठरावीक मॉडेलांतच), आणि २०२३ मधे आलेल्या चौथ्या पिढीच्या झीऑनपासून थेट प्रोसेसरच्या आत, सॅफायर रॅपिड्समधे एका सॉकेटला जास्तीत जास्त ४ डिव्हाइस. किती चालू आहेत ते प्रोसेसरच्या मॉडेलवर असतं, काहींत एकही नसतं. खरेदीच्या आधी इंटेलच्या साइटवर त्याच मॉडेल नंबरपुढे बघा, सेल्सवाल्याच्या "हो हो आहे" वर जाऊ नका.

कार्ड न घेता होणारा एक मधला मार्ग आहे आणि तो फार कुणाला माहीत नसतो. आइस लेकपासूनच्या झीऑनांत, म्हणजे २०२१ नंतर, एव्हीएक्स-५१२ आयएफएमए या इन्स्ट्रक्शन आहेत. इंटेलची क्रिप्टो_एमबी लायब्ररी आठ वेगवेगळ्या कनेक्शनच्या सह्या गोळा करून एकाच फटक्यात करते. इंटेलचं क्यूएटी इंजिन (ओपनएसएसएलला क्यूएटी जोडणारं प्लगइन) हे दोन्ही करतं, खरं हार्डवेअर असेल तर त्याच्याकडे पाठवतं, नसेल तर हा सॉफ्टवेअर मल्टिबफर मोड. क्लाउडवरच्या साध्या व्हीएममधे क्यूएटी डिव्हाइस सहसा दिसत नाही (एडब्ल्यूएसच्या एम७आय मधे ते फक्त बेअर मेटल साइझमधे मिळतं), पण आयएफएमए मिळून जातं. एलएससीपीयूमधे एव्हीएक्स५१२आयएफएमए हा शब्द शोधा.

एचएसएम (की जपून ठेवणारं सुरक्षित उपकरण) ही वेगळी वस्तू आहे. एचएसएममधे की बाहेर न येणं हा मुद्दा असतो, वेग नव्हे. क्यूएटीमधे प्रायव्हेट की सर्व्हरच्या मेमरीतच असते, त्यामुळे कार्ड बसवलं म्हणून की जास्त सुरक्षित झाली असं ऑडिटवाल्याला सांगू नका.

पायरी ४: ड्रायव्हर

इथे दोन रस्ते आहेत आणि एकाच मशीनवर दोन्ही मिसळायचे नाहीत.

जुनं हार्डवेअर, म्हणजे सी६२x किंवा त्याआधीचं डीएच८९५xसीसी, असेल तर इंटेलचं वेगळं ड्रायव्हर पॅकेज डाउनलोड करून बिल्ड करावं लागतं. त्याच्या कॉन्फिग फाइल ईटीसीमधे सी६xx_डेव्ह०.कॉन्फ अशा नावाने येतात, चिपसेटमधे तीन एंडपॉइंट असले तर तीन फाइल. त्यातल्या शिम सेक्शनमधे नंबरसीवायइन्स्टन्सेस आणि नमप्रोसेसेस हे दोन आकडे महत्त्वाचे. प्रत्येक एनजिनएक्स वर्कर म्हणजे एक प्रोसेस आणि त्याला निदान एक क्रिप्टो इन्स्टन्स (कार्डाशी बोलायची स्वतंत्र वाट) हवा. बदल केला की क्यूएटी_सर्व्हिस रीस्टार्ट आणि मग एडीएफ_सीटीएल स्टेटस, सगळी डिव्हाइस अप दिसली पाहिजेत.

चौथ्या पिढीच्या झीऑनवर असाल तर सुखी आहात, ड्रायव्हर कर्नलमधेच आहे (मॉड्यूलचं नाव क्यूएटी_४xxx) आणि वर क्यूएटीलिब ही लायब्ररी. फेडोरा, आरएचईएलवर पॅकेज तयार मिळतात. क्रम असा:

बायोसमधे व्हीटी-डी आणि एसआर-आयओव्ही (एक डिव्हाइस अनेक प्रोसेसना वाटून देणाऱ्या सोयी) चालू आहे का बघा. कर्नलच्या बूट ओळीत इंटेल_आयओएमएमयू=ऑन टाका आणि रीबूट करा. हे नसेल तर क्यूएटीलिब चालतच नाही, आणि ते नाही म्हणून सांगणारा एररही धड येत नाही.

एलएसपीसीआय -डी ८०८६:४९४० मारा. डिव्हाइस दिसलं पाहिजे. काहीच दिसलं नाही तर बायोस किंवा मॉडेल, पुढे वेळ घालवू नका. सी६२x साठी हाच आयडी ८०८६:३७सी८ असतो.

फर्मवेअर: लिब/फर्मवेअरमधे क्यूएटी_४xxx.बिन आणि क्यूएटी_४xxx_एमएमपी.बिन अशा दोन फाइल हव्यात, लिनक्स-फर्मवेअर पॅकेजमधून येतात. मिनिमल इमेज वापरणाऱ्यांकडे नेमक्या याच नसतात.

मग सर्व्हिस. डिफॉल्टला कर्नल एका आड एक डिव्हाइस क्रिप्टोला आणि कॉम्प्रेशनला देतो, त्यामुळे चार डिव्हाइस असून निम्मीच क्रिप्टो करतायत असं होतं. ईटीसी/सिस्कॉन्फिग/क्यूएटी या फाइलमधे सर्व्हिसेसएनेबल्ड=एसिम असं लिहा, म्हणजे सगळी हँडशेकच्या कामाला लागतील. सिम;एसिम दिलं तर बल्क एन्क्रिप्शनही येतं, पण ते सीपीयूवरच राहू द्या, वर सांगितलंय का ते.

एनजिनएक्स ज्या युजरने चालतो तो युजर क्यूएटी नावाच्या ग्रुपमधे घाला, सिस्टमडीच्या युनिटमधे लिमिटमेमलॉक वाढवा (पिन केलेली मेमरी लागते, डिफॉल्ट मर्यादा पुरत नाही), आणि सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ क्यूएटी.

पायरी ५: वेब सर्व्हर लांब ठेवून ओपनएसएसएलवर तपासा

क्यूएटी इंजिन टाका आणि हे चालवा:

ओपनएसएसएल स्पीड -इंजिन क्यूएटीइंजिन -इलॅप्स्ड -एसिंक_जॉब्स ७२ आरएसए२०४८

मग हेच -एसिंक_जॉब्स १ देऊन चालवा. दोन आकडे शेजारी ठेवा. एका जॉबचा आकडा निराश करणारा असतो, तर ७२ चा कितीतरी पट मोठा.

कार्डाकडे जाऊन यायला वेळ लागतोच, रिक्वेस्ट मेमरीतल्या रिंगमधे लिहायची, कार्डाने ती उचलायची, गणित करायचं, उत्तर परत लिहायचं. एकटी सही घेऊन गेलात तर स्वतः सीपीयूने केली असती तेवढा किंवा जास्तच वेळ जाईल. हे पिठाच्या गिरणीसारखं आहे, डबा ठेवून घरी यायचं आणि दळण झालं की न्यायला जायचं, गिरणीत डबा धरून उभं राहिलात तर तुमची सकाळ गेली आणि गिरणीवालाही एका वेळी एकच डबा बघतोय. डबा ठेवून येण्याची ही सोय ओपनएसएसएलमधे १.१.० आवृत्तीत, म्हणजे २०१६ मधे, एसिंक जॉब या नावाने आली. पण लायब्ररीत सोय असून भागत नाही, वेब सर्व्हरनेही ती वापरली पाहिजे.

-इलॅप्स्ड विसरू नका. त्याच्याशिवाय स्पीड सीपीयूचा वेळ मोजतं, आणि काम तर कार्डावर होतंय, मग आकडे अशक्य चांगले येतात आणि लोक त्याचेच स्क्रीनशॉट मॅनेजरला पाठवतात.

ओपनएसएसएल ३.० मधे, सप्टेंबर २०२१ मधे, इंजिन हा प्रकारच डिप्रिकेट झाला आणि त्याच्या जागी प्रोव्हायडर आले. त्यामुळे नवीन सेटअप करत असाल तर क्यूएटीप्रोव्हायडर बिल्ड करा, कमांडमधे -इंजिन ऐवजी -प्रोव्हायडर क्यूएटीप्रोव्हायडर. बाकी तर्क तोच, पुढची उदाहरणं मात्र इंजिनचीच आहेत.

पायरी ६: एनजिनएक्स

साध्या एनजिनएक्समधे एसएसएल_इंजिन ही डायरेक्टिव्ह आहे आणि ती चालतेही. सापळा हाच आहे. साधा एनजिनएक्स एसिंक बोलत नाही, वर्कर प्रत्येक सहीसाठी थांबून राहतो, आणि त्या वर्करवरची बाकीची हजार कनेक्शनंही त्याच्याबरोबर थांबतात. कार्डाचे काउंटर वाढताना दिसतात म्हणून सगळ्यांना वाटतं ऑफलोड होतंय. होतंय खरं, पण उपयोग शून्य.

म्हणून इंटेलचा फोर्क (एनजिनएक्सची बदललेली प्रत) लागतो, एसिंक_मोड_एनजिनएक्स (रोमनमधे इथे एसिंकच्या शेवटी एच आहे, asynch). सोर्स घ्या, कॉन्फिगर स्क्रिप्टला --विथ-एचटीटीपी_एसएसएल_मॉड्यूल आणि --अ‍ॅड-डायनॅमिक-मॉड्यूल=मॉड्यूल्स/एनजिनएक्स_क्यूएटी_मॉड्यूल द्या, बिल्ड करा. फोर्क मूळ एनजिनएक्सच्या मागे असतो हे लक्षात ठेवा. सिक्युरिटी पॅच आला की तुम्हाला वाट बघावी लागेल किंवा स्वतः पॅच लावावा लागेल. ज्या टीममधे हे करायला कुणी नाही तिने या वाटेला जाऊ नये, सरळ दोन सर्व्हर वाढवावेत.

कॉन्फिगमधे सगळ्यात वर लोड_मॉड्यूलने एनजीएक्स_एसएसएल_इंजिन_क्यूएटी_मॉड्यूल लोड करा. मग मेन लेव्हलला एसएसएल_इंजिन हा ब्लॉक, त्याच्या आत:

यूज_इंजिन क्यूएटीइंजिन;
डिफॉल्ट_अल्गोरिदम्स आरएसए,ईसी,पीकी_क्रिप्टो;

आणि आतल्या क्यूएटी_इंजिन ब्लॉकमधे:

क्यूएटी_ऑफलोड_मोड एसिंक;
क्यूएटी_नोटिफाय_मोड पोल;
क्यूएटी_पोल_मोड ह्युरिस्टिक;
क्यूएटी_एसडब्ल्यू_फॉलबॅक ऑन;

सर्व्हर ब्लॉकमधे एसएसएल_एसिंक ऑन (इथेही asynch). ही एक ओळ राहिली तर वरचं सगळं असून सर्व्हर परत थांबून-थांबून चालतो.

उदाहरणांमधे डिफॉल्ट_अल्गोरिदम्स पुढे ऑल दिसतं. मी ते देत नाही. ऑलमधे बल्क सायफरही कार्डाकडे जायला लागतात, आणि वेब ट्रॅफिकमधे छोटे छोटे रेकॉर्ड फार, त्यांना कार्डापर्यंत नेऊन आणण्यात तोटाच (इंजिनालाही ते माहीत आहे, म्हणून सायफरसाठी २०४८ बाइटपेक्षा लहान तुकडे ते डिफॉल्टला सीपीयूवरच करतं). ईसी पण काढून बघा एकदा. पी-२५६ साठी सीपीयूवरचा कोड इतका घोटलेला आहे की कार्डाचा फायदा फारसा उरत नाही, आणि मग कार्डाची पूर्ण क्षमता आरएसएला मिळते. दोन्ही तऱ्हेने मोजून ठरवा.

पोलिंगबद्दल थोडं. कार्डाचं उत्तर आलं का हे विचारायचं कधी? फार वेळा विचारलं तर सीपीयू विचारण्यातच जातो, कमी वेळा विचारलं तर उत्तर पडून राहतं. ह्युरिस्टिक मोडमधे वर्कर स्वतःकडे किती रिक्वेस्ट अडकल्यात ते बघून पोल करतो, असिमेट्रिकसाठी ४८ हा थ्रेशोल्ड असतो. सुरुवातीला त्याला हात लावू नका.

वर्करची संख्या आणि इन्स्टन्सची संख्या जुळवताना रीलोड विसरू नका. एनजिनएक्स रीलोड केला की नवे वर्कर उभे राहतात आणि जुने आपली कनेक्शनं संपेपर्यंत मरत नाहीत, वेबसॉकेट असतील तर तासनतास. तेवढा वेळ दोन्ही पिढ्यांना इन्स्टन्स हवेत. ८ वर्करला ८ च इन्स्टन्स ठेवले तर पहिल्या दिवशी सगळं मस्त आणि सर्टिफिकेट रिन्यू होऊन रीलोड झाला की नवे वर्कर कार्डाशिवाय. दुप्पट ठेवा, वर्कर_शटडाउन_टाइमआउट लावा, आणि क्यूएटी_शटिंग_डाउन_रिलीज ऑन करा म्हणजे निघालेले वर्कर आपला इन्स्टन्स लवकर सोडतात.

एचएप्रॉक्सीवाल्यांचं काम सोपं आहे, त्यात एसिंकची सोय १.८ पासून आतच आहे. ग्लोबल सेक्शनमधे एसएसएल-इंजिन क्यूएटीइंजिन आणि एसएसएल-मोड-एसिंक, बास. नव्या आवृत्त्यांत इंजिनचा सपोर्ट बिल्ड करतानाच चालू करावा लागतो तेवढं बघा. एचएप्रॉक्सीमधे एसिंक फक्त हँडशेकपुरतं चालतं, डेटा वाचताना-लिहिताना ते बंद असतं, कारण ओपनएसएसएलला बफर जागचा हललेला चालत नाही. आपल्याला तरी दुसरं काय हवंय.

पायरी ७: लोड टाका आणि खरंच कार्डावर जातंय का बघा

एका क्लायंट मशीनवरून सर्व्हर भरत नाही, दोन-तीन लागतील. नव्या हँडशेकसाठी ओपनएसएसएल एस_टाइम -कनेक्ट होस्ट:४४३ -न्यू -टाइम ३०, एकेका मशीनवर वीस-तीस प्रोसेस एकदम. मग -रीयूज देऊन तेच. डब्ल्यूआरके किंवा एच२लोडने लोड टाकणार असाल तर ती कनेक्शन उघडं ठेवतात हे लक्षात असू द्या, तुम्ही हँडशेक मोजतच नसाल कदाचित.

लोड चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवर वॉच लावून सिस/कर्नल/डीबग/क्यूएटी_४xxx_ च्या पुढे डिव्हाइसचा पत्ता असलेल्या फोल्डरमधली एफडब्ल्यू_काउंटर्स ही फाइल बघा. रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स दोन्ही वाढत राहिले पाहिजेत, आणि सगळ्या डिव्हाइसचे वाढले पाहिजेत. एकाचेच वाढत असतील तर वर्करना इन्स्टन्स एकाच डिव्हाइसमधून मिळतायत. काउंटर शून्यावर आणि साइट मात्र चालू, तर फॉलबॅक गपचूप सीपीयूवर सगळं करतोय, एरर लॉग आणि ग्रुपची परवानगी बघा.

फक्त सेकंदाला किती हँडशेक एवढंच नका नोंदवू. तेवढ्याच लोडला सीपीयू किती मोकळा झाला आणि पी९९ लेटन्सी (शंभरातल्या ९९ रिक्वेस्ट जेवढ्या वेळात होतात तो वेळ) किती झाली, हे दोन्ही लिहा. लोड कमी असताना लेटन्सी किंचित वाढलेली दिसेल, ते अपेक्षितच. जास्त लोडला ती आधीपेक्षा कमी असायला हवी. तसं नसेल तर हे सगळं लफडं सांभाळण्यात अर्थ नाही.

दोन सॉकेटचं मशीन असेल तर वर्कर कुठल्या सॉकेटवर आणि क्यूएटी डिव्हाइस कुठल्या, तेही बघा. पलीकडच्या सॉकेटवरचं डिव्हाइस वापरणं म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला मधल्या लिंकवरून हेलपाटा. वर्कर_सीपीयू_अ‍ॅफिनिटी लावून जुळवा.

आणि हमाली जड असेल तर

पायरी १ मधे पर्फने कॉपी किंवा एईएस वर दाखवलं असेल, म्हणजे तुम्ही व्हिडिओ, मोठे डाउनलोड, असलं काही पाठवताय, तर क्यूएटीचा काही संबंध नाही. तिथे केटीएलएस, म्हणजे कर्नलमधलं टीएलएस. हँडशेक ओपनएसएसएल करतं आणि मग कीज कर्नलला देऊन टाकतं, पुढचं एन्क्रिप्शन कर्नलमधे. फायदा हा की सेंडफाइल (फाइल कर्नलमधूनच थेट नेटवर्ककडे पाठवणं) परत वापरता येतं, डेटा युजरस्पेसमधे आणायलाच नको. लिनक्समधे हे ४.१३ पासून आहे, ओपनएसएसएल ३.० मधे आलं (बिल्ड करताना एनेबल-केटीएलएस हवं), एनजिनएक्समधे १.२१.४ पासून. सेटिंग दोन ओळींचं: सेंडफाइल ऑन आणि एसएसएल_कॉन्फ_कमांड ऑप्शन्स केटीएलएस. कर्नलचं टीएलएस मॉड्यूल लोड करायला विसरू नका, मॉडप्रोब टीएलएस.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे एन्क्रिप्शन थेट नेटवर्क कार्डाने करणं, कनेक्टएक्स-६ डीएक्स किंवा चेल्सिओ टी६ सारखी कार्डं हे करतात. इथे डेटा बाहेर जाता जाताच एन्क्रिप्ट होतो, मेमरीत परत लिहिला जात नाही. नेटफ्लिक्सच्या ड्रू गॅलेटिन यांनी २०२१ च्या युरोबीएसडीकॉनमधे हेच मांडलं होतं: ३२ कोअरच्या एका एएमडी मशीनवर फ्रीबीएसडीमधे सॉफ्टवेअर केटीएलएसने २४० गिगाबिटच्या आसपास गाडी अडकत होती, आणि अडत होती ती मेमरी बँडविड्थपाशी, सीपीयूपाशी नाही. एन्क्रिप्शन कार्डावर नेल्यावर तेच मशीन ४०० गिगाबिटच्या जवळ गेलं.

लिनक्सवर ईथटूल -के स्मॉल मारून टीएलएस-एचडब्ल्यू-टीएक्स-ऑफलोड आहे का बघा, ऑफ [फिक्स्ड] असेल तर कार्ड ते करतच नाही, नुसतं ऑफ असेल तर -के कॅपिटलने ऑन करा. खरंच कार्डावर गेलं का ते प्रॉक/नेट/टीएलएस_स्टॅट मधे कळतं. टीएलएसकरंटीएक्सडिव्हाइस वाढतोय म्हणजे कार्ड, टीएलएसकरंटीएक्सएसडब्ल्यू वाढतोय म्हणजे कर्नलच करतोय. ऑन केलेली सेटिंग नवीन कनेक्शनलाच लागू होते, आधीपासून उघडी असलेली तशीच राहतात, त्यामुळे लगेच आकडा हलला नाही म्हणून घाबरू नका. आणि बाँडिंग, व्हीएलएएन, कंटेनरचं व्हर्च्युअल इंटरफेस असं काही मधे असेल तर ऑफलोड तिथेच गळून पडू शकतं, आधी थेट इंटरफेसवर चालवून बघा आणि मग एकेक थर वाढवा.

प्रॉडक्शनला नेताना एकच सर्व्हर आधी न्या, लोडबॅलन्सरमधे बाकीच्यांइतकाच वेट देऊन, आणि त्याच्यावर मुद्दाम दोन-तीनदा रीलोड मारा, एकदा क्यूएटी सर्व्हिस बंद करून फॉलबॅक लागतो का ते बघा. कपॅसिटी ठरवताना कार्ड बंद पडलेल्या अवस्थेतला आकडा धरा, कारण फॉलबॅक लागला की साइट चालू राहते पण सगळ्या सह्या परत सीपीयूवर येतात, आणि अलर्ट नसेल तर हे तुम्हाला गर्दीच्या संध्याकाळीच कळेल. एफडब्ल्यू_काउंटर्स मधली वाढ मॉनिटरिंगमधे घ्या, ट्रॅफिक आहे आणि काउंटर थांबलाय या जोडीवर अलर्ट लावा.